फ्लॅटमधून शिवणकाम, सोसायटीचं पत्र आणि ‘घरगुती व्यवसाया’चा नियम : माझा अनुभव

फ्लॅटमध्ये राहून ब्लाउज शिवणाऱ्या, केक करणाऱ्या, फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ज्या कोणी हे वाचत असाल त्यांच्यासाठी सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. मला सोसायटीचं पत्र आलं तेव्हा धड सांगणारं कोणीच भेटलं नाही, जो तो एकच म्हणायचा, ‘रहिवासी बिल्डिंगमध्ये धंदा चालत नाही.’ हे खरं नाहीये. चालतो. पण कोणता चालतो, किती चालतो आणि तो कोणी करायचा याचे नियम आहेत, आणि ते सगळे एका ऑफिसात एका कागदावर मिळत नाहीत. प्रत्येक खातं फक्त त्याच्यापुरतं बोलतं, आणि आपण एका खात्याचा कागद दुसऱ्यापुढे ठेवतो आणि मग तो चालत नाही म्हणून हबकतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. पुण्यात एका उपनगरात तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे, स्वतःचा, नवऱ्याच्या आणि माझ्या नावावर. लॉकडाऊनच्या आधीपासून ओळखीतल्यांचे ब्लाउज शिवायचे, मग कामं वाढली म्हणून २०२१ मध्ये मुद्राच्या शिशु गटातून ५० हजारांच्या आतलं कर्ज काढलं आणि मोठं मशीन घेतलं. बँकेने तेव्हा दोन कागद मागितले, शॉप ॲक्ट आणि उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी). उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि फुकट होते, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शॉप ॲक्टचं असं आहे की महाराष्ट्रात २०१७ चा जो कायदा आहे त्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागतच नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिला नमुना ‘एफ’ म्हणतात आणि त्याची पावती मिळते ती नमुना ‘जी’. मला फी लागली २३ रुपये ६० पैसे. एजंट याचेच हजार-दीड हजार घेतात. मराठी पाटीचा फोटो अपलोड करायचा असतो, मी दाराच्या आत लावायची एक छोटी ॲक्रिलिकची पाटी करून घेतली होती, तिचाच फोटो चालला.

तर हे दोन कागद फाइलला होते आणि मला वाटत होतं आपलं सगळं कायदेशीर आहे.

२०२३ ची दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि लग्नसराईची कामं सुरू झाली. त्या काळात घरी वर्दळ असते हे खरं आहे, माप द्यायला कोणी येतं, ट्रायलला कोणी येतं, सोबत मैत्रीण, मैत्रिणीची स्कूटर दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये. २८ नोव्हेंबरला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र आलं. आपण सदनिकेचा व्यापारी वापर करत आहात, रात्री मशीनचा आवाज येतो, बाहेरच्या लोकांमुळे सुरक्षेचा प्रश्न निर्माण झाला आहे, तरी १५ दिवसांत व्यवसाय बंद करावा, अन्यथा महापालिकेकडे आणि वीज कंपनीकडे तक्रार करण्यात येईल आणि तोपर्यंत मेंटेनन्स दीडपट आकारला जाईल.

ते पत्र वाचून माझे हातपाय गळाले. कर्जाचे हप्ते चालू होते, घेतलेल्या ऑर्डरी होत्या, नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आपण काय चोरी करतोय का? विचारून तर ये.’ त्यांच्या त्या बोलण्यानेच पुढची हालचाल सुरू झाली म्हणायला हरकत नाही.

पहिलं काम केलं ते लेखी उत्तर द्यायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, पत्राला पत्रानेच उत्तर द्यायचं, तेही दिलेल्या मुदतीत, जिन्यात उभं राहून वाद घालून काही होत नाही. मी एवढंच लिहिलं की मी या सदनिकेत कुटुंबासह राहते, घरातल्या घरात शिवणकाम करते, यासंबंधी महापालिकेचे नियम काय आहेत ते मी लेखी घेऊन समितीपुढे ठेवेन, तोपर्यंत कारवाई करू नये, आणि आवाजाची तक्रार नेमकी कोणत्या वेळेची आहे ते कळवावं म्हणजे मला उपाय करता येईल. ‘मी काही करतच नाही’ असं कधीही लिहू नका, उद्या कोणी येऊन बघितलं की सगळी बाजूच लंगडी पडते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घेतली. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आवाजाची तक्रार खरी होती, हे लगेच लक्षात आलं. शेजारच्या काकांची झोपायची खोली आणि माझी मशीनची खोली यात एकच भिंत आहे, आणि सीझनला मी अकरापर्यंत बसायचे. मशीन दुसऱ्या भिंतीकडे हलवलं, टेबलाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले (वॉशिंग मशीनखाली घालतात तेच, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात) आणि रात्री आठनंतर मशीन बंद, फक्त हातशिलाई. काकांना घरी बोलावून मशीन चालवून दाखवलं. ते म्हणाले, ‘एवढं पुरेसं आहे, माझं बाकी काही म्हणणं नाही.’ नियम नंतर कितीही आपल्या बाजूने निघाले तरी शेजाऱ्याची झोप हा वेगळा विषय आहे, तो आधी मिटवा.

मग कमिटीच्या मीटिंगला शॉप ॲक्टची पावती घेऊन गेले. सेक्रेटरींनी ती बघितली आणि म्हणाले, ‘वहिनी, ही कामगार खात्याची पावती आहे. हिने जागा वापरायला परवानगी मिळत नाही.’ आणि ते बरोबर बोलत होते. शॉप ॲक्ट सांगतो की तुम्ही व्यवसाय करताय हे सरकारला कळवलंय. उद्यम सांगतं की तुम्ही सूक्ष्म उद्योजक आहात. त्या जागेत तो व्यवसाय चालतो का, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. ते सांगतो महापालिकेचा विकास नियंत्रण नियम, आणि तो बघायचा कुठे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

डिसेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात गेले. आधी परवाना विभागात, तिथल्या क्लार्कबाईंनी यादी बघून सांगितलं की शिवणकामाला आमचा परवाना लागत नाही, पण जागेचं विचारायचं तर बांधकाम विभागात जा. बांधकामवाले साहेब साइटवर. अशा वेळी एक लक्षात ठेवा, कनिष्ठ अभियंता म्हणजे जेई सकाळी ठरावीक वेळेतच टेबलावर सापडतात, दुपारनंतर ते बाहेर असतात, तर दारावर भेटीची वेळ लिहिलेली असते ती आधी बघा आणि त्या वेळेच्या थोडं अगोदर जाऊन बसा.

भेटले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘ताई, काम तुम्ही स्वतः करता की माणसं ठेवलीत?’ मी म्हटलं मी करते, सासूबाई हुक-लुप आणि हातशिलाई करतात, आणि दुपारी एक मुलगी येते. ‘मोटर किती एचपीची?’ ते काही मला सांगता येईना. मग त्यांनी कपाटातून नियमांचं जाडं पुस्तक काढलं आणि पान उघडून समोर धरलं.

तो नियम नीट सांगते कारण सगळं त्यावर उभं आहे. मुंबई महापालिका आणि आणखी काही ठराविक भाग सोडले तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. नगरविकास विभागाने ती काढलीय, पीडीएफ मिळते, इंग्रजीत आहे. तिच्या चौथ्या प्रकरणात कोणत्या झोनमध्ये कोणते वापर चालतात ते दिलंय. रहिवासी झोनच्या अगदी सुरुवातीच्या वापरांमध्येच घरगुती व्यवसाय येतो. त्याचा अर्थ असा की घरातली माणसं परंपरेने घरात जे काम करतात, पगारी माणूस न ठेवता, ते चालतं, आणि उदाहरणं म्हणून शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं अशी नावं घालून दिलेली आहेत. मशीन विजेवर असेल तर भार एक अश्वशक्तीच्या, म्हणजे साधारण ७५० वॅटच्या वर जाता कामा नये. शिवणकाम हा शब्द तिथे छापलेला बघून मला भरून आलं, खरंच सांगते. इतके दिवस मी काहीतरी लपूनछपून करतेय असं वाटायला लागलं होतं आणि इथे सरकारच्या पुस्तकात माझं काम पहिल्या उदाहरणाला होतं.

त्याच भागात डॉक्टर, वकील, सीए यांना राहत्या जागेत स्वतःचं ऑफिस किंवा दवाखाना ठेवायची सोय आहे, त्याला ५० चौरस मीटरची मर्यादा आहे. पिठाची गिरणी, मसाला कांडप यांचंही दिलंय, पण ते तळमजल्यावरच. म्हणजे वरच्या मजल्यावर चक्की टाकायचा विचार असेल तर तो इथेच थांबतो. रुंद रस्त्याला लागून प्लॉट असेल तर चालणारे वापर वाढतात, आतल्या गल्लीत कमी होतात, त्यामुळे शेजारच्या सोसायटीत चालतंय म्हणून आपल्याकडे चालेलच असं धरू नका.

जेईंना मी विचारलं हे मला लेखी मिळेल का. ते म्हणाले, ‘अर्ज टाका, आवक नंबर घ्या. आणि घाई असेल तर माहिती अधिकारात मागा, मुदत असते.’ आवक नंबर म्हणजे अर्ज ऑफिसात घेतल्याची नोंद होते तो नंबर. मी दोन्ही केलं.

माहिती अधिकाराचा अर्ज जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, हे माझ्या नणंदेने सांगितलं, ती झेडपीत आहे, नाहीतर मी दोन पानी कैफियतच लिहून बसले होते. तिने अजून एक पक्कं सांगितलं की ‘मला परवानगी आहे का’ असं विचारायचं नाही. तो प्रश्न झाला, माहिती नाही, आणि असं मत देता येत नाही म्हणून उत्तर येतं. कागद मागायचे. म्हणून मी मागितलं की आमच्या सर्व्हे नंबरचा विकास आराखड्यातला झोन दाखवणारा कागद, आमच्या इमारतीचा मंजूर नकाशा, आणि रहिवासी झोनमध्ये घरगुती व्यवसायासंबंधी लागू असलेल्या तरतुदीची प्रत. तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे असतातच. ३० दिवसांची मुदत असते, उत्तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलं, पानाला २ रुपये भरून शिक्का मारलेल्या प्रती घेतल्या. झोन रहिवासी, नकाशात आमची सदनिका रहिवासी, आणि नियमाचं ते पान. या तीन कागदांना मी लॅमिनेशन करणार होते, नणंद म्हणाली लॅमिनेशन नको, झेरॉक्स काढून ठेव आणि मूळ प्रत कुठेही देऊ नको.

आता नियमात आपण बसतो का ते बघायचं होतं. एका रविवारी नवरा टेबलाखाली मोबाइलचा टॉर्च घेऊन आडवा झाला आणि एकेका मोटरीची पट्टी वाचत गेला, मी वहीत लिहीत गेले. धुळीने आणि तेलाने पट्ट्या काळ्या झालेल्या, थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर आकडे दिसले. मोठ्या मशीनची ५५०, इंटरलॉकची ४००, पिको मशीनची १००. बेरीज हजाराच्या वर. मग इंटरलॉकचं मोठं मशीन एका ओळखीच्या बुटिकवालीला विकलं आणि छोटं घरगुती, १०० वॅटच्या आतलं घेतलं, वर साधारण सहा हजार घालावे लागले. पिकोची मोटर काढून ते पुन्हा पायावर आणलं. आता ६५० च्या आसपास बसतं. इस्त्री धरायची का, असा प्रश्न पडेल, मी तो जेईंना विचारला, त्यांनी मोटरीच धरल्या. पण तरीही मी अर्जात प्रत्येक यंत्र आणि त्याचे वॅट वेगवेगळे लिहून दिले, इस्त्रीसकट, म्हणजे उद्या कोणी लपवलं म्हणायला नको.

मोटरीचं पैशाने सुटलं. त्या मुलीचं सुटणं अवघड होतं. दुपारी येऊन काजं-बटण आणि अस्तर जोडायची, हाताला फार सफाई, आणि तिच्या घरी तो पगार लागत होता. नियमात ‘पगारी माणूस नाही’ हे स्पष्ट आहे, त्यातून वाट काढायला जागा नाही. तिला सांगताना मला फार वाईट वाटलं. शेवटी असं ठरवलं की मी कापून, नंबर घालून पिशवी भरून ठेवायची, ती घेऊन जाणार, स्वतःच्या घरी करणार आणि नगावर पैसे घेणार. तिचीही शिलाई तिच्या घरात घरगुतीच झाली. पहिले काही आठवडे तिची कमाई कमी झाली, मग तिने दुसऱ्या टेलरचंही फॉल-पिको घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू सावरलं. पण ज्यांचं काम चार मुलींवर चालतं त्यांनी हे वाचून नीट समजून घ्या, घरगुती व्यवसायाच्या नावाखाली ते बसत नाही, त्याला गाळाच लागतो.

फेब्रुवारीतच सोसायटीने महापालिकेकडे खरोखर तक्रार केली आणि जेई पाहणीला आले. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. ते आले, आधी सगळं घर बघितलं. काय बघतात ते सांगते. स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या चालू वापरात आहेत का, म्हणजे माणसं इथे राहतात का. भिंत काढली आहे का, बाल्कनी आत घेतली आहे का. गेटवर, खिडकीवर पाटी आहे का. काम करणारी बाहेरची माणसं बसलीत का. मग मोटरींच्या पट्ट्या, आम्ही पुसून ठेवलेल्या होत्याच. सासूबाई तेव्हा हुक लावत बसल्या होत्या, त्यांना विचारलं, ‘आजी, पगार मिळतो का?’ सासूबाई म्हणाल्या, ‘सून आहे माझी, पगार कसला, चहा मिळतो.’ साहेब हसले आणि पंचनाम्यात लिहून घेतलं, कुटुंबातील सदस्य. पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो पूर्ण वाचा, मी वाचला, एके ठिकाणी ‘कारखाना’ असा शब्द होता तो बदलून ‘शिवणकाम’ करायची विनंती केली, त्यांनी केला. एका शब्दाने पुढे खूप फरक पडतो.

मधे विजेचं सांगते. सोसायटीच्या पत्रात वीज कंपनीचा उल्लेख होता आणि त्याची मला जास्त धास्ती होती, कारण घरगुती मीटरवर व्यापारी वापर धरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुपटीने आकारणी होते असं ऐकलं होतं, आणि तसं आहेही. महावितरणच्या उपविभागात गेले, सोबत मागच्या वर्षभराची बिलं. तिथे कळलं की वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकातच यासाठी सोय आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करत असाल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो. वर्ष संपलं की तपासतात, ३६०० च्या वर गेलात तर पुढे दुसरा दर लागतो, तोही आधी कळवून. माझा वापर कूलर चालू असताना मे महिन्यातही २६० पर्यंत होता. दरपत्रकातलं ते पान मी छापून घेतलं आणि फाइलला लावलं. ज्यांच्याकडे केकचे ओव्हन किंवा डीप फ्रीझर आहेत त्यांनी मात्र दर महिन्याचे युनिट वहीत लिहीत जा, तिथे ३०० ओलांडायला वेळ लागत नाही.

मिळकत कराचीही भीती होती. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत आहे, ती जाईल आणि बिल व्यापारी दराने येईल असं बिल्डिंगमध्ये बरेच जण म्हणत होते. एप्रिल २०२४ चं बिल आलं ते रहिवासीच, सवलतीसकट. सीएने मात्र एक सांगितलं की व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी करून घ्या, वर्षाला अडीच हजार, ती केली. जीएसटीच्या मर्यादेच्या मी आसपासही नाही, सेवेला २० लाखांची उलाढाल लागते.

पाहणीनंतर मला वाटलं महिन्याभरात लेखी उत्तर येईल. पण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ऑफिसातली निम्मी माणसं इलेक्शन ड्यूटीवर, जेईंचीही ड्यूटी लागली. पुण्यातलं मतदान १३ मेला होतं, तोपर्यंत फाइल जागची हलली नाही. या दिवसांत धीर सुटतो. रोज वाटायचं की कोणीतरी येऊन मशीन सील करेल. नवीन ऑर्डरी घ्यायच्या की नाही हेच कळेना, अक्षय तृतीयेचे कितीतरी ब्लाउज मी दुसऱ्यांकडे पाठवले. या काळात एकच गोष्ट उपयोगी पडली, आवक नंबरची वही. कोणता अर्ज कधी दिला, आवक नंबर काय, कोण भेटलं, काय म्हणालं, सगळं तारखेनिशी. फोनवर ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ विचारलं तर कोणालाच काही सांगता येत नाही, आवक नंबर सांगितला की दोन मिनिटांत कळतं फाइल कोणत्या टेबलावर आहे.

उत्तर मेच्या शेवटी मिळालं. अर्ध्या पानाचं पत्र, पाहणी केली असता सदनिकेचा मुख्य वापर रहिवासी असून कुटुंबातील सदस्य शिवणकाम करत असल्याचं दिसून आलं, सदर वापर नियमावलीतील घरगुती व्यवसायाच्या अटींच्या अधीन राहून अनुज्ञेय आहे, अटींचा भंग झाल्यास कारवाई होईल, आणि प्रत सोसायटीला. ‘अनुज्ञेय’ या शब्दासाठी मी सहा महिने थांबले होते.

जूनमध्ये कमिटीपुढे फाइल ठेवली. सगळ्यांनी पत्र वाचलं. त्यांच्या अटी मी मान्य केल्या, कारण त्या रास्त होत्या. ग्राहकांनी सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्ये यायचं, वॉचमनकडे नाव लिहायचं, गाड्या गेटबाहेर, गेटवर पाटी नाही, बाहेरचा कामगार नाही. मेंटेनन्स दीडपट करायचा मुद्दा मात्र मी मान्य केला नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखंच असतं, ती ओळ मी त्यांना दाखवली, आणि आधी लावलेली जादा रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. अटींचं हमीपत्र १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दिलं, तेव्हा १०० चा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तो बंद होऊन ५०० चा लागतो. त्याबदल्यात कमिटीने ठराव केला आणि मला ना हरकत पत्र दिलं. ठरावाची प्रतही मागून घ्या, नुसतं पत्र नको. कमिटी बदलली की नवीन माणसांना आधीचं काही माहीत नसतं.

ग्राहकांना वेळा सांगायला सुरुवातीला जड गेलं, नोकरी करणाऱ्या बायकांना सातनंतरच वेळ असतो. मग मी मापाचा जुना ब्लाउज मागवून घ्यायला लागले, नवरा ऑफिसला जाता-येता पोचवतो-आणतो, आणि ट्रायल फक्त शनिवार-रविवार. वर्दळ निम्म्याने कमी झाली. अस्तर-लेस-लटकन आणायला बोहरी आळीत जाते तेव्हा दोघी-तिघींचे तयार ब्लाउज सोबत नेऊन तिकडेच हातात देते.

तुमचं काम वेगळं असेल तर आधी यूडीसीपीआरच्या त्या चौथ्या प्रकरणात तुमचं काम शोधा, माझ्या पत्रावर विसंबू नका. खाण्याच्या पदार्थांना जागेच्या नियमाशिवाय एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी वेगळी लागते, मी हे सगळं करत होते तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती, आणि घरगुती लाल सिलेंडर व्यवसायाला वापरता येत नाही. पार्लरसारख्या कामात बाहेरच्या बायका दिवसभर येणार, ते घरगुतीत धरायचं का हे आधी बांधकाम विभागात विचारा आणि मगच खुर्ची-बेसिनवर पैसे घाला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असाल तर यूडीसीपीआर नाही, तिथे मुंबईची वेगळी नियमावली, डीसीपीआर २०३४, बघावी लागते. आणि भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाचं संमतीपत्र सगळ्यात आधी घ्या, करारात ‘फक्त राहण्यासाठी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा पुढच्या नूतनीकरणाला त्यात घरगुती शिवणकामाची किंवा जे काय तुमचं काम असेल त्याची ओळ घालून घ्या.